बिघाड आधी शोधू या, मग बदलू या

(महिला कार्यकर्त्यांच्या एका प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या आयोजक ताईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "जुन्या स्पोर्ट्‌स कारमधला विजेचा बिघाड कसा शोधायचा, यावर बोलते." ताई क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, इथे येणाऱ्या निम्म्याजणी एस.टी.नं येतात, उरलेल्या स्कूटीवर. स्पोर्ट्‌स कार कुठून आणू?" मी म्हटलं, "गाडी नको. फक्त पाऊण तास द्या." त्यांनी तो दिला, म्हणून त्यांचे आभार.

माझी ओळख थोडक्यात. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं, काही वर्षं इथे कौटुंबिक सल्ला केंद्रात काम केलं आणि 2019 ते 2023 या काळात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरात समाजकार्याची नोकरी केली. यंत्र म्हटलं की माझी धाव मिक्सरचं बटण दाबण्यापुरती. घरात फ्यूज गेला की भावाला हाक मारायची, आणि भाऊ नसला तर अंधारात बसायचं, असं माझं वळण. म्हणजे आज जे सांगणार आहे ते मी तज्ज्ञ म्हणून सांगत नाही. चुका करत शिकलेली एक बाई म्हणून सांगते.

बर्मिंगहॅममध्ये माझ्या शेजारी एक मराठी काकू राहायच्या. 1976 साली लग्न होऊन विशीत तिकडे गेल्या, मी भेटले तेव्हा पासष्टीच्या पुढे होत्या. काका 2020 साली गेले. मुलगा लंडनला. घराच्या मागच्या गॅरेजमध्ये काकांची लाडकी गाडी उभी होती, 1972 सालची एमजीबी. दोन माणसांची, कापडी टपाची, बुटकी गाडी. आज आपल्या रस्त्यांवरही एमजी नावाच्या गाड्या दिसतात, पण त्यांचा या गाडीशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. ही जुनी एमजीबी 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. इंग्लंडमध्ये अजून पुष्कळ चालू आहेत आणि रविवारी त्यांच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असलेले पुरुषही पुष्कळ आहेत.

काकांनी ही गाडी काकूंना कधी चालवू दिली नाही. त्या स्वतःच्या छोट्या गाडीतून बाजारहाट, डॉक्टर, सगळं करायच्या. पण "ही गाडी बायकांच्या हातची नाही" हे काकांचं वाक्य होतं. शिवाय ते प्रेमळ होते हो. मारणं नाही, ओरडणं नाही. आपल्या केंद्रात येणाऱ्या प्रकरणांत हे कधी बसलंच नसतं.

काका गेल्यावर गाडी दीड वर्षं उभी राहिली. मग एक दिवस काकूंनी किल्ली फिरवली. टक्‌ असा आवाज आला, इंजिन काही फिरेना. पुन्हा फिरवली, तर समोरच्या फळीवरच्या चोकच्या मुठीतून धूर निघाला. त्या घाबरून बाहेर आल्या. गराजवाला आला, पाच मिनिटं बघून म्हणाला, "बाई, वायरिंग जळलं. सगळी गाडी उघडून नवीन वायरिंग घालावं लागेल." खर्च दोन हजार पौंडांच्या वर. दुसऱ्या आठवड्यात जुन्या गाड्या घेणारा एकजण आला. न चालणारी गाडी म्हणून तो काहीशे पौंड द्यायला तयार. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, देऊन टाक. तुला त्यातलं काय कळतं?"

काकू माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "विकायची तर विकेन गं. पण मला एकदा ती माल्व्हर्नच्या टेकड्यांपर्यंत चालवायची आहे. पंचवीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून गेले."

माझी पहिली चूक

मी काय केलं? जे आपण सगळ्याजणी करतो. समोरची बाई अडचण सांगते आणि आपण लगेच उत्तर काढून देतो. मी म्हटलं, "काकू, दीड वर्ष उभी आहे ना, बॅटरी उतरली असेल." या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, फळीखाली असतात. दोन्ही एकापुढे एक जोडून बारा व्होल्ट होतात. मी हौसेनं दोन नव्या आणायला लावल्या. दीडशे पौंडांच्या वर गेले. बसवल्या, किल्ली फिरवली. टक्‌. पुन्हा धूर.

तेव्हा मला फार लाज वाटली. पैसे काकूंच्या पेन्शनचे होते.

आमच्या भागात बायकांसाठी मोटार दुरुस्तीचा संध्याकाळचा वर्ग चालायचा. शिकवणारी बाई स्वतः मेकॅनिक होती. आम्ही दोघी तिथे गेलो. मी सगळं सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला, "किल्ली फिरवताना हेडलाइट लावून बघितलात का?" नव्हतं बघितलं. ती म्हणाली, "बॅटरी उतरली असती तर दिवे एकदम मंद झाले असते. दिवे नीट राहिले तर बॅटरीत दम आहे, करंट पोचत नाही. फुकटात होणारी परीक्षा सोडून तुम्ही पैशाची परीक्षा केलीत."

घरी येऊन बघितलं. दिवे जवळजवळ तसेच राहिले.

जाण्याचा रस्ता आणि परतीचा रस्ता

आता जरा सोपं विज्ञान, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वीज बॅटरीतून निघते, वायरीतून दिव्यापर्यंत किंवा सेल्फपर्यंत जाते, तिथे काम करते आणि बॅटरीत परत येते. परत आली नाही तर काम होत नाही. घरात जायला एक आणि यायला एक अशा दोन वायरी असतात. गाडीत यायच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी वायर नसतेच. गाडीचा पत्रा हाच परतीचा रस्ता. त्याला आपले मिस्त्री 'अर्थ' म्हणतात.

जुन्या गाडीत पत्र्याला गंज येतो, जोडांना हिरवट बुरशी धरते. वायर साबूत असते, बल्ब साबूत असतो, पण परतीचा रस्ता अडलेला असतो. शोधणारा मात्र जाण्याच्या रस्त्यावरच शोधत बसतो. जुन्या गाड्यांतल्या विजेच्या तक्रारींत खूपशा तक्रारी अशा परतीच्या वाटेच्या निघतात.

इंजिनाचं तर आणखी वेगळं. इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेलं असतं, म्हणजे हादरे कमी बसावेत. पण रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनाच्या बाजूपासून गाडीच्या अंगापर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी जोडतात. सेल्फला लागणारा सगळा करंट त्या पट्टीतून परत येतो. ती तुटली तर करंट दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनापासून समोरच्या फळीपर्यंत जाणारी लोखंडी तार कोणती? चोकची. एवढा करंट पेलण्याची तिची ताकद नसते. ती तापते, तिचं आवरण जळतं, धूर येतो. गराजवाल्याला जे जळलेलं वायरिंग वाटलं ते वायरिंग नव्हतंच.

पण हेही आम्ही मानून चाललो नाही. मोजलं. वर्गातून एक मल्टिमीटर उसना आणला. गाडी न्यूट्रलमध्ये घातली, हँडब्रेक ओढला. मी किल्ली फिरवणार, काकू मीटरच्या सुया धरणार, असं ठरलं.

किल्ली न फिरवता बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. किल्ली फिरवताना बॅटरीवर 11.6. दहाच्या पुष्कळ वर, म्हणजे बॅटरी चांगली. पण सेल्फवर मोजले तर फक्त 6.1. मग बाकीचे साडेपाच व्होल्ट गेले कुठे? जाण्याच्या वाटेवर, म्हणजे बॅटरीच्या अधिक टोकापासून सेल्फपर्यंत, फक्त 0.3 खर्च झाले होते. परतीच्या वाटेवर, इंजिनाच्या अंगापासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत, 5.2. त्यातही बॅटरी ते पत्रा 0.2 आणि पत्रा ते इंजिन 5. हिशेब जुळला. चोर सापडला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ही मोजणी काम चालू असतानाच करायची. एखाद्या जोडात एक दशांश ओहमचा अडथळा असेल तर गाडी बंद असताना तो मीटरवर नगण्य वाटतो. पण पन्नास अँपिअर करंट त्यातून जायला लागला की तिथेच पाच व्होल्ट खाऊन टाकतो. भार पडल्याशिवाय खरा दोष दिसत नाही.

गाडी जॅकवर उचलून, खाली पक्के आधार लावून आम्ही बघितलं. पट्टीच्या दोन-तीन तारा उरल्या होत्या, बाकी हिरवा भुगा. नवीन पट्टी दहा पौंडांच्या आत आली. जोडाची जागा पॉलिश पेपरनं घासून लख्ख केली, नट आवळला, वरून व्हॅसलिन लावलं. चोकची तारही बदलली. किल्ली फिरवली. मागच्या बाजूला पेट्रोलचा पंप टकटक करायला लागला, सेल्फ जोरात फिरला, आणि खोकत खोकत गाडी सुरू झाली.

दोन हजार पौंड आणि दहा पौंड. मी पुन्हा सांगत नाही.

बांगड्या

या सगळ्याआधी एक प्रसंग घडला. बॅटरीला हात लावण्यापूर्वी वर्गातल्या बाईंनी बजावलं होतं की हातातले दागिने काढा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला तर तो क्षणात लालभडक होतो, कातडी जळते. आधी उणे टोकाची वायर सोडवा, जोडताना ती शेवटी जोडा. बॅटरीजवळ काडी पेटवू नका, तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो.

काका गेल्यावर नात्यातल्या काहीजणींनी फोनवरून काकूंना बांगड्या काढायला सांगितलं होतं. काकूंनी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो काकूंनी पेपरात वाचून मला दाखवला होता. त्या दिवशी त्यांनी बांगड्या काढल्या, रुमालात बांधल्या, म्हणाल्या, "ह्या मी कामासाठी काढते. काम झालं की घालणार." आणि घातल्या.

रंगांची भाषा

गाडी सुरू झाली, पण रस्त्यावर नेण्याजोगी नव्हती. ब्रेक दाबला की उजवीकडचा इंडिकेटर मिणमिणायचा आणि मागचा दिवा मंद व्हायचा. शिवाय गाडी पाच दिवस उभी राहिली की नव्या बॅटऱ्यासुद्धा उतरायच्या. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला, मूळ रचना बदललेली नसेल तर, इंग्लंडमध्ये वार्षिक तपासणीची सक्ती नाही. पण गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच असते.

वर्गातल्या बाई एका रविवारी वायरिंगचा नकाशा घेऊन आल्या. नकाशा टेबलावर पसरून त्या रेषा शोधत होत्या. काकू गाडीत वाकून बघत होत्या. तिथूनच त्या बोलायला लागल्या, "तपकिरी वायर म्हणजे बॅटरीतून थेट, मध्ये फ्यूज नाही. जांभळी म्हणजे कायम चालू, पण फ्यूजमधून. हॉर्न, आतला दिवा. पांढरी किल्ली फिरवल्यावर चालू होते. हिरवी किल्ली फिरवल्यावर आणि फ्यूजमधून. ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, वायपर. लाल बारीक दिव्यांची, निळी हेडलाइटची. काळी अर्थची."

आम्ही दोघी बघतच राहिलो. बाईंनी विचारलं, "तुम्हाला हे कुठून माहीत?"

काकू म्हणाल्या, "मी सव्वीस वर्षं कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधत होते. फळीवर खिळे असायचे, त्यावर एकेक रंग टाकायचा, टोकं दाबायची, टेप गुंडाळायची. रंग झोपेतसुद्धा दिसायचे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. रागानं नाही, सहज म्हणाल्या, "ह्यांनी कधी विचारलं नाही. मुलानं विचारलं नाही. आणि पोरी, तूही विचारलं नाहीस. तू मला चहा करून दिलास आणि बॅटरी आणायला सांगितलीस."

मैत्रिणींनो, मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. बाईचं ऐकून घ्यायचं, तिची ताकद ओळखायची, हे मी पुस्तकात शिकले, परीक्षेत लिहिलं, त्यावर मार्क मिळवले. आणि तीन वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं की काकू कारखान्यात काय करत होत्या. "फॅक्टरीत होते" एवढं त्या म्हणाल्या होत्या आणि ते मला पुरेसं वाटलं होतं.

हे कौशल्य कुणी मोजलं?

बर्मिंगहॅम हे मोटारींच्या विजेच्या सामानाचं मोठं केंद्र. या गाडीचं विजेचं सामान लुकास कंपनीचं. जुन्या गाड्यांचे शौकीन जोसेफ लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून हसतात. पन्नास वर्षांच्या ओलीचा आणि गंजाचा दोष त्या बिचाऱ्याच्या माथी. पण त्या कारखान्यातल्या बायकांचा इतिहास मात्र त्या विनोदात येत नाही. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बेडॉ पद्धत आणायचं ठरलं, म्हणजे हातात घड्याळ घेऊन बाईच्या प्रत्येक हालचालीची वेळ मोजायची आणि त्यावर कामाचा वेग ठरवायचा. जेसी ईडन नावाची कामगार बाई हात जलद चालणारी म्हणून तिच्यावर घड्याळ लावलं होतं. तिनं ओळखलं की आपल्या वेगाचा दोर करून बाकीच्याजणींच्या गळ्यात घालणार आहेत. हजारो बायका काम सोडून बाहेर पडल्या आणि ती पद्धत मागे घ्यावी लागली.

1968 साली डॅगनहॅमच्या फोर्ड कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या 187 बायकांनी संप केला. त्यांचं काम कमी कुशल ठरवलं होतं. तीन आठवडे गाड्यांचं उत्पादन अडलं. समान वेतनाचा कायदा 1970 साली आला, पण त्यांचं काम कुशल म्हणून मान्य व्हायला 1984 साल उजाडलं. सोळा वर्षं! शिवण तीच, हात तेच.

आणि मोटारीचा पहिला लांबचा प्रवास कुणी केला? 1888 साली जर्मनीत बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली आणि इंजिनाच्या ठिणगीची वायर उघडी पडली तिथे मोज्याचा बंद गुंडाळला, असं सांगतात. म्हणजे गाडीच्या विजेच्या दुरुस्तीच्या पहिल्यावहिल्या कथांपैकी एक बाईचीच आहे.

आणखी एक नाव, कॅरोलिन हॅस्लेट. हिनं 1924 साली इंग्लंडमध्ये बायकांना विजेची माहिती व्हावी म्हणून संघटना उभी केली. घरातली उपकरणं, फ्यूज, प्लग बायकांना स्वतः कळावेत यासाठी वर्ग घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांतल्या वीजजोडणीचा विचार करायला वीसजणांची समिती बसली, तिच्यात ही एकटी बाई होती. इंग्लंडमध्ये आज प्रत्येक घरात जो फ्यूजवाला तीन पिनांचा प्लग दिसतो, तो त्या समितीच्या शिफारशींतून पुढे आला.

उरलेले दोन बिघाड

त्या रविवारपासून गाडीची सूत्रं काकूंकडे गेली. मी फक्त टॉर्च धरला.

मागच्या दिव्यांचा दोष पुन्हा परतीच्या वाटेचा निघाला. दिव्याच्या अर्थच्या टोकापासून स्वच्छ पत्र्यापर्यंत मोजलं तर तीन व्होल्ट. जवळजवळ शून्य असायला हवे होते. परत जायला वाट नाही म्हणून ब्रेकचा करंट शेजारच्या बल्बमधून उलटा शिरत होता, म्हणून तो बल्ब नको तेव्हा मिणमिणत होता. डिकीतले काळ्या वायरीचे जोड सोडवून साफ केले, काम झालं. ध्यानात ठेवा, एक दिवा लावला की दुसराच दिवा काहीतरी भलतं करतो, असं दिसलं की आधी अर्थ तपासायची.

बॅटरी उतरण्याचं कारण शोधायला जास्त वेळ लागला. बॅटरीचं उणे टोक सोडवून मध्ये मीटर जोडला. गाडी बंद, दारं बंद, सगळे दिवे बंद. तरी 0.4 अँपिअर करंट वाहत होता. थोडा वाटतो, पण दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर होतात. पाच-सहा दिवसांत बॅटरी रिकामी. अशी मोजणी चालू असताना किल्ली फिरवायची नाही, मीटर जळतो. मग एकेक करून चारही फ्यूज काढले. करंट कमी होईना. म्हणजे गळती फ्यूजच्या आधीची, तपकिरी वायरीवरची. अल्टरनेटरचा जोड काढून पाहिला, तरी तसंच. उरली समोरची फळी. काकू खाली आडव्या झाल्या, टॉर्चच्या उजेडात हात घातला आणि एक टेपचा गोळा बाहेर ओढला.

काकांनी नंतर बसवलेला रेडिओ. त्याची वायर थेट तपकिरी वायरीला पिळा मारून जोडलेली, मध्ये फ्यूज नाही, वर नुसती टेप. बंद असतानाही रेडिओ वीज पीत होता. आणि खरा धोका वेगळाच होता. ती वायर कुठे घासून पत्र्याला टेकली असती तर थांबवायला काहीच नव्हतं. गाडीनं पेट घेतला असता.

काकू बराच वेळ तो पिळा हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "कारखान्यात असा जोड कुणी केला असता तर सुपरवायझरनं तोंडावर फेकला असता." आणि हसल्या. नंतर रडल्या. नवऱ्याची चूक सापडल्याचा आनंद नव्हता तो. त्यांनी ती वायर कापली, टोक नीट दाबून बसवलं, मध्ये फ्यूज घातला, फ्यूजमधून येणाऱ्या आणि किल्लीबरोबर चालूबंद होणाऱ्या हिरव्या वायरीवर रेडिओ घेतला. त्या वयातही त्यांचा हात जराही हलला नाही.

जुलैमध्ये आम्ही माल्व्हर्नला गेलो. काकू चालवत होत्या, मी शेजारच्या सीटवर.

पुढच्या वर्षी त्यांनी गाडी विकली. चालू गाडी, बिघाडांची आणि दुरुस्त्यांची लेखी यादी सोबत. पहिल्या गिऱ्हाइकानं सांगितलेल्या रकमेच्या कितीतरी पट घेतले आणि पैसे स्वतःच्या खात्यात ठेवले. मुलाला वाईट वाटलं, बाबांची गाडी म्हणून. काही महिने बोलणं कमी झालं. आता पुन्हा सुरू आहे. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही.

आपल्यासाठी काय?

पहिलं, साधन. आपल्यातल्या पुष्कळजणी स्कूटी चालवतात, काहीजणी रिक्षा चालवतात. पुण्यात शीला डावरेंनी 1988 साली रिक्षा हातात घेतली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. पण चालवणाऱ्या वाढल्या तरी गाडी बंद पडली की मिस्त्रीच्या शब्दावर अवलंबून राहणं तसंच आहे. बारा व्होल्टचा एक छोटा बल्ब, दोन वायरी, एक चिमटा, एवढ्यात टेस्ट लॅम्प तयार होतो. चिमटा स्वच्छ पत्र्याला लावायचा, दुसरं टोक तपासायच्या जागी. बल्ब पेटला तर तिथवर वीज आली आहे. मात्र हा दिवा फक्त बारा व्होल्टच्या बॅटरीवरच्या गाडीसाठी. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेला, ई-रिक्षाच्या मोठ्या बॅटरीला हा कधीही लावायचा नाही. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार किंवा चांदी कधीही घालायची नाही. फ्यूज उडतो तो काहीतरी सांगण्यासाठी.

दुसरं, मिस्त्रीला विचारायचा प्रश्न. "सगळं बदलावं लागेल" असं कुणी म्हणालं की विचारा, "कुठे मोजलंत? किती आलं? मला दाखवा." प्रामाणिक मिस्त्री आनंदानं दाखवेल.

तिसरं आपल्या कामाचं, आणि त्यासाठीच मी आज उभी राहिले. आपल्या केंद्रात बाई आली की आपण फॉर्म भरतो. नाव, वय, शिक्षण, लग्नाचं वर्ष, अडचण. काकू आपल्या केंद्रात आल्या असत्या तर 'गृहिणी, विधवा, अवलंबून' असं लिहून आपण पुढचा कागद ओढला असता. तिला काय येतं, आजवर कोणतं काम केलं, पैसे मिळालेलं आणि न मिळालेलं, हा रकानाच आपल्या फॉर्मवर नाही. मी परत आल्यावर आमच्या केंद्रात तो घातला. पहिल्या महिन्यात कळलं की पोटगीसाठी येणारी एक बाई माहेरी असताना पाण्याच्या मोटारी बांधायची. दुसरी दुकानाचे हिशेब लिहायची. दोघींनी विचारल्याशिवाय सांगितलं नव्हतं. दोघींनाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

दुपारच्या सत्रात मी दहा टेस्ट लॅम्पचं सामान आणलं आहे. बाहेर उभ्या असलेल्या स्कूट्यांपैकी दोघींचे हॉर्न वाजत नाहीत, हे मी सकाळीच बघून ठेवलं आहे. जेवण झालं की बांगड्या, अंगठ्या काढून या. आणि त्याआधी शेजारी बसलेल्या मैत्रिणीला विचारा, तिला काय काय येतं.